रिव्ह्यूचा व्हिडिओ पाहिला. आता त्यातून नेमकं काय सुधारायचं?

प्रश्न थोडक्यात असा: ई अँड टीसी, म्हणजे इलेक्ट्रॉनिक्स अँड टेलिकम्युनिकेशन इंजिनीअरिंगच्या शेवटच्या वर्षातल्या चौघांच्या ग्रुपनं दुसऱ्या प्रोजेक्ट रिव्ह्यूचं १२ मिनिटांचं रेकॉर्डिंग केलं आहे. विषय आहे कांदा चाळीतलं तापमान, आर्द्रता आणि सडक्या कांद्याचा वास टिपून शेतकऱ्याच्या मोबाइलवर इशारा पाठवणारी यंत्रणा. विचारणाऱ्यानं व्हिडिओ दोनदा पाहिला. स्वतःचा आवाज विचित्र वाटला, हातांचं काय करावं हे कळत नव्हतं असं दिसलं आणि 'बेसिकली' फार वेळा आलं. एक्सटर्नल, म्हणजे बाहेरच्या परीक्षकासमोरची परीक्षा, तीन आठवड्यांवर आली आहे आणि सुधारायला सुरुवात कुठून करावी हे समजत नाही.

या तिन्हींपैकी आवाजाचं विसरून जा. हातांचं नंतर पाहू. 'बेसिकली'ची नोंद मात्र फार कामाची आहे, पण ते किती वेळा आलं यापेक्षा कुठे आलं ते बघा. इंजिनीअरिंगच्या प्रेझेंटेशनमध्ये जीभ जिथे अडखळते तिथे बहुतेक वेळा प्रोजेक्टमधलाच एखादा निर्णय कच्चा राहिलेला असतो. व्हिडिओ तपासायचा तो मुख्यतः त्या जागा शोधण्यासाठी.

आवाज विचित्र का वाटतो ते दोन ओळींत सांगतो. बोलताना आपला आवाज आपल्याला हवेतून ऐकू येतो आणि कवटीच्या हाडांतूनही. हाडांतून खालच्या पट्टीतले स्वर जास्त पोचतात, म्हणून स्वतःचा आवाज स्वतःला भरदार वाटतो. रेकॉर्डिंगमध्ये फक्त हवेतला भाग उरतो. तुमचे सर-मॅडम तुम्हाला चार वर्षं त्याच आवाजात ऐकत आले आहेत. घाबरल्याचंही तसंच. केनेथ सॅवित्स्की आणि थॉमस गिलोविच या मानसशास्त्रज्ञांनी २००३ साली प्रयोगांतून दाखवलं की बोलणाऱ्याला आपली घबराट जितकी बाहेर दिसतेय असं वाटतं, तितकी ती ऐकणाऱ्यांना दिसत नाही; आणि हे आधी सांगून ठेवलं तर माणूस बोलतोही बरं. तेव्हा वहीत 'कॉन्फिडन्स कमी' असं लिहू नका. ते मोजता येत नाही, म्हणून सुधारताही येत नाही. '४:१० ला आलेखाकडे तोंड, आकडा सांगितलाच नाही' असं लिहा. प्रत्येक नोंदीला वेळ हवी आणि डोळ्यांना किंवा कानांना पुरावा हवा.

रेकॉर्डिंग तपासण्यासारखं आहे का?

मित्रानं पहिल्या बाकावरून हातात मोबाइल धरून, मध्येच झूम करत घेतलेला व्हिडिओ आठवण म्हणून ठेवा. तपासण्यासाठी नवा घ्या. मोबाइल आडवा, शेवटच्या बाकावर स्टँडवर किंवा पुस्तकांच्या चळतीला टेकवून. फ्रेममध्ये बोलणारा डोक्यापासून पायापर्यंत आणि पडद्याची निदान एक बाजू दिसली पाहिजे, म्हणजे कोणती स्लाइड चालू आहे ते कळतं. पडदा उजळ असल्यामुळे कॅमेरा चेहरा काळा करतो. चेहऱ्यावर बोट दाबून फोकस आणि एक्स्पोजर लॉक करा. स्लाइडवरचा मजकूर पांढरा पडला तरी चालेल. फोन फ्लाइट मोडवर टाका, नाहीतर मध्येच आलेल्या कॉलनं रेकॉर्डिंग तुटतं. साध्या फुल एचडीत १२ मिनिटांना दीड जीबीच्या आसपास जागा धरून चाला.

दुसरा फोन शर्टाच्या खिशात, व्हॉइस रेकॉर्डर चालू करून. खिशातल्या आवाजावरून शब्द लिहून काढायचे आणि शेवटच्या बाकावरच्या आवाजावरून ऐकू जातं की नाही ते ठरवायचं. दोन्हींची सरमिसळ करू नका. पंखे बंद करून घेतलेलं रेकॉर्डिंग फसवं असतं. मे महिन्यातल्या एक्सटर्नलला पंखे पाचवर असतात.

पहिली फेरी: फक्त घड्याळ

व्हिडिओ चालू करा आणि स्लाइड बदलल्याच्या वेळा तेवढ्या लिहा, दुसरं काही नाही. पंधरा मिनिटांचं काम आहे, पण या एका कागदावरून अर्धं निदान होतं. बहुतेक ग्रुपचा कागद साधारण असा दिसतो: नाव, कॉलेज, सभासद, अनुक्रमणिका यांत सव्वा मिनिट; प्रस्तावना आणि शेतकऱ्यांच्या अडचणी यांत दोन; लिटरेचर सर्व्हे, म्हणजे आठ पेपरांचा तक्ता, यात अडीच ते तीन; ब्लॉक डायग्राम आणि घटकांची ओळख यांत चार; निकालाला पाऊण मिनिट; भविष्यातल्या वावाला अर्धं मिनिट; थँक यू.

मार्क कशावर आहेत ते तुमच्या विभागाच्या मूल्यमापनाच्या तक्त्यात लिहिलेलं असतं. तो मागून घ्या. शब्द वेगवेगळे असतील, पण तुम्ही स्वतः काय केलं, ते चालतं हे कशावरून आणि का असंच केलं, याभोवतीच तो फिरतो. या तिन्हींना १२ पैकी निदान ७ मिनिटं मिळाली पाहिजेत. डीएचटी-२२ या तापमान-आर्द्रतेच्या सेन्सरला किती पिना असतात हे एक्सटर्नल परीक्षकाला ठाऊक आहे. त्यावर ४० सेकंद घालवणं म्हणजे स्वतःचे मार्क दुसऱ्याच्या पानात वाढणं.

शेवट घाईत का होतो याचं कारण सरावाच्या पद्धतीत आहे. प्रत्येक सराव पहिल्या स्लाइडपासून सुरू होतो, मध्ये कोणी हसतं, कोणी चुकतं, पुन्हा पहिल्यापासून. पहिल्या तीन स्लाइड वीस वेळा होतात, निकालाची स्लाइड दोनदा. उपाय सोपा आहे: पुढचे चार सराव निकालापासून सुरू करा. निकाल, मग चाचणीची पद्धत, मग यंत्रणा, आणि प्रस्तावना सर्वांत शेवटी.

दुसरी फेरी: फोन पालथा घालून

आता फक्त ऐका. तीन जागी एकेक मिनिट निवडा: सुरुवातीचं, सहाव्या मिनिटापासूनचं आणि निकालाचं. प्रत्येक मिनिटातले शब्द मोजा. इंग्रजी भाषणाला मिनिटाला १२० ते १५० शब्दांचा वेग ऐकायला सोपा जातो. आकडे आणि आकृत्या असतील तर खालच्या टोकाला राहिलेलं बरं. मराठीत बोलत असाल तर हा आकडा लावू नका. 'चाळीतल्या' या एका शब्दाला इंग्रजीत तीन-चार शब्द लागतात, त्यामुळे मराठीची मोजणी कमीच येणार. तुमच्याच तीन मिनिटांची एकमेकांशी तुलना करा. सुरुवातीला ११० आणि निकालाला १७० असेल, तर निकालाच्या स्लाइडवरून तुम्ही पळ काढताय. का, ते तिसऱ्या फेरीत कळेल.

याच फेरीत वाक्यांची शेपटं तपासा. मराठीत क्रियापद आणि नकार दोन्ही शेवटी येतात. 'पाऊस आला की सिग्नल तुटत नाही' या वाक्यातला 'नाही' श्वास संपल्यामुळे गिळला गेला, तर मागच्या बाकावरच्या माणसाला नेमकं उलटं ऐकू जातं. शेवटच्या बाकावरच्या रेकॉर्डिंगमधून दहा वाक्यं निवडा आणि शेवटचे दोन शब्द स्पष्ट कळतात का पाहा. चारपेक्षा जास्त वाक्यांत कळत नसतील तर आवाज वाढवून उपयोग नाही, वाक्यं तोडा. लांब वाक्यात श्वास पुरत नाही, एवढंच कारण असतं.

तिसरी फेरी: दोन मिनिटं शब्दशः लिहून काढा

ही फेरी सगळ्यांना कंटाळवाणी वाटते आणि खरं काम हीच करते. पूर्ण १२ मिनिटं लिहायची गरज नाही. स्वतःला सर्वांत वाईट वाटलेली दोन मिनिटं घ्या आणि हातानं लिहा. 'अं', 'सो', 'बेसिकली', 'ॲक्च्युअली', 'म्हणजे', 'ओके' सगळ्यांसकट. फोनच्या व्हॉइस टायपिंगवर सोपवू नका. ते 'अं' बरेचदा गाळून टाकतं आणि मराठी-हिंदी-इंग्रजीच्या मिश्रणाचा चिवडा करतं. श्वासाएवढ्या थांब्याला एक तिरकी रेघ, सेकंदाहून मोठ्या थांब्याला दोन.

कागदावर काहीसं असं उतरेल: 'सो बेसिकली वी हॅव यूज्ड / अं / डीएचटी-२२ सेन्सर // व्हिच इज, अं, मोअर ॲक्युरेट / ॲक्च्युअली अँड / इट इज ईझिली अव्हेलेबल ऑल्सो.'

आता प्रत्येक भरतीच्या शब्दाला विचारा, तू इथे का आलास? उत्तरं साधारण तीन प्रकारची निघतात.

स्लाइडच्या सुरुवातीला येणारे 'सो', 'ओके', 'नेक्स्ट'. याचा अर्थ नवी स्लाइड दिसल्यावर तुम्ही ती वाचून आठवताय. हा दोष हलका आहे. प्रत्येक स्लाइडचं फक्त पहिलं वाक्य पाठ करा आणि ते स्लाइड बदलायच्या आधी म्हणा: 'आता हा इशारा शेतकऱ्यापर्यंत पोचायला किती वेळ लागतो ते पाहू', आणि मग बटण दाबा. दोन दिवसांत फरक पडतो.

आकड्याच्या आधी येणारा 'अं'. आकडा पाठ नाही किंवा एककाबद्दल खात्री नाही. सगळे आकडे पाठ करायची गरज नसते. तुमच्या प्रोजेक्टचे आठ-दहा आकडे असतात: मोजमापाची मर्यादा, चूक, अंतर, बॅटरीचा टिकाव, खर्च, किती दिवस चाचणी, किती नोंदी. एका कार्डावर एककासह लिहा आणि चौघांनीही पाठ करा. चौघांनी, कारण एक्सटर्नल परीक्षक नेमका ज्यानं तो भाग केला नाही त्यालाच विचारतो.

तिसरा प्रकार वरच्या उदाहरणातला, दाव्याच्या मधोमध. 'मोअर ॲक्युरेट' म्हणताना जीभ अडखळली कारण कशापेक्षा आणि किती हे मनात नव्हतं. ही बोलण्याची अडचण वाटते, पण आहे निवडीची. इथे 'अं' दाबायचा सराव करून काही होणार नाही. डेटाशीट, म्हणजे सेन्सरचं तांत्रिक माहितीपत्रक, उघडा. डीएचटी-११ या त्याच कामाच्या दुसऱ्या सेन्सरची आर्द्रतेतली चूक ±५ टक्के, तापमानातली ±२ अंश; डीएचटी-२२ ची साधारण ±२ टक्के आणि ±०.५ अंश. आता चाळीकडे या. साध्या चाळीत कांदा टिकायला २५ ते ३० अंश तापमान आणि ६५ ते ७० टक्के आर्द्रता बरी मानतात. हा आर्द्रतेचा पट्टाच मुळी ५ टक्क्यांचा आहे. ±५ टक्के चुकणारा सेन्सर आपण पट्ट्याच्या आत आहोत की बाहेर हे खात्रीनं सांगूच शकत नाही. निवडीचं कारण हे. ते कळलं की वाक्य आपोआप सरळ येतं: 'कांद्याला चालणारा आर्द्रतेचा पट्टा ५ टक्क्यांचा आहे. डीएचटी-११ तेवढाच चुकतो, म्हणून डीएचटी-२२ घेतला.' भरतीचा एकही शब्द लागत नाही, कारण भरायला पोकळी उरलेली नसते.

दुसरी हमखास जागा म्हणजे वासाचा सेन्सर, एमक्यू-१३५. 'एमक्यू-१३५ सडका कांदा ओळखतो' हे वाक्य म्हणताना बहुतेक मुलांचा आवाज खाली जातो आणि ते योग्यच आहे, कारण तो ओळखत नाही. अमोनिया, अल्कोहोलची वाफ, धूर अशा बऱ्याच गोष्टींना तो प्रतिसाद देतो, कोणता वायू आहे ते सांगत नाही. शिवाय हवेतल्या ओलाव्यानं आणि तापमानानं त्याचं मोजमाप सरकतं आणि डेटाशीट त्याला २४ तासांहून जास्त आधी तापवायला सांगतं. चाळीत ओलावा बदलणारच, तर वाढ वासामुळे झाली की पावसामुळे, हा प्रश्न येणार म्हणजे येणार. तो येण्याआधी स्वतःच सांगा: 'हा सेन्सर वायूचं नाव सांगत नाही. मूळ पातळीपेक्षा वाढ झाली एवढंच सांगतो. त्याच वेळची आर्द्रता आम्ही सोबत नोंदवतो, म्हणजे ओलाव्यामुळे झालेली वाढ वेगळी काढता येते.' अर्थात, काढली असेल तरच. नसेल तर ती मर्यादा म्हणून सांगा. मर्यादा स्वतः सांगणाऱ्याला परीक्षकांचं पॅनेल सहसा पुढे चिरत नाही. लपवणाऱ्याला सोडत नाही.

थोडक्यात, या फेरीनंतर तुमच्या हातात दोन याद्या असतील, बोलण्याच्या चुकांची आणि प्रोजेक्टच्या कच्च्या जागांची. दुसरी आधी संपवा. पहिलीतला बराच भाग तिच्यासोबत जातो.

शब्द मोजून देणारी सॉफ्टवेअरही आहेत. मोजणीपुरती वापरायला हरकत नाही, पण 'मोअर ॲक्युरेट' पोकळ आहे हे ती तुम्हाला सांगणार नाहीत.

चौथी फेरी: आवाज बंद

दर पाच सेकंदांनी व्हिडिओ थांबवा आणि बोलणाऱ्याची नजर कुठे आहे ते एका अक्षरात लिहा: प पडदा, ल लॅपटॉप, ज जमीन किंवा छत, श श्रोते. तीन वेगळ्या मिनिटांत मिळून ३६ नोंदी होतात. त्यातल्या अर्ध्याहून जास्त 'प' असतील तर 'पडद्याकडे बघू नकोस' असा सल्ला मित्र देतील. तो निरुपयोगी आहे. माणूस पडद्याकडे बघतो कारण वाक्यं तिथे लिहिलेली असतात. 'प' जास्त आलेल्या स्लाइड काढून बघा. प्रत्येकीवर पूर्ण वाक्यांचे पाच-सहा बुलेट सापडतील. सुधारायची आहे ती स्लाइड.

'ज' जास्त असतील, त्यातही नजर वर छताकडे आणि बोलण्याचा वेग अगदी एकसारखा असेल, तर भाषण घोकलेलं आहे. याची चाचणी अशी: मित्राला तिसऱ्या मिनिटाला मध्येच काहीतरी विचारायला सांगा. उत्तर देऊन जिथे तुटलं तिथून पुढे जाता आलं तर ठीक. मागच्या वाक्यावर किंवा स्लाइडच्या सुरुवातीला परत जावं लागलं तर पाठांतर सोडा, पहिलं वाक्य आणि स्लाइडचा एक मुद्दा एवढंच लक्षात ठेवा.

हातांबद्दल मी फार बोलणार नाही. खिशात नसावेत, आयकार्डची दोरी पिळू नये, पेनाचं बटण वाजवू नये. याहून जास्त विचार केला की हात रोबोसारखे दिसतात. लेझर पॉइंटर हलतो कारण हात लांब असतो. कोपर पोटाला टेकवा, वस्तूभोवती एकदा फिरवा आणि बंद करा. प्रोजेक्टरच्या झोतात उभं राहून कपाळावर ब्लॉक डायग्राम घेऊ नका.

याच फेरीत न बोलणाऱ्या तिघांकडेही बघा. पॅनेलला ते पूर्ण वेळ दिसत असतात. एक खिडकीतून बाहेर, दुसरा भिंतीला टेकून, तिसरा शेजाऱ्याच्या कानात. बोलणाऱ्याच्या दोन चुकांपेक्षा हे दृश्य जास्त महाग पडतं, कारण त्यातून 'काम एकानंच केलंय' असा संशय येतो. आणि एकाकडून दुसऱ्याकडे सूत्रं जाताना किती सेकंद मोकळे जातात ते मोजा. 'नाऊ माय फ्रेंड विल एक्स्प्लेन' ऐवजी पुढच्या मुद्द्याचा प्रश्न म्हणा आणि पुढच्यानं त्याच्या उत्तरानं सुरुवात करावी.

स्लाइडचं डोकं

व्हिडिओत निकालाची स्लाइड दिसेल तिथे थांबवा. वर काय लिहिलंय? बहुधा 'रिझल्ट्स'. ही जागा वाया गेली. पेन स्टेट विद्यापीठातले मायकेल ॲली बऱ्याच वर्षांपासून एक साधी पद्धत शिकवत आले आहेत: शीर्षकाच्या जागी एक पूर्ण विधान आणि खाली वाक्यांच्या यादीऐवजी त्याचा पुरावा, म्हणजे आलेख, फोटो किंवा आकृती. 'रिझल्ट्स'च्या जागी 'आर्द्रता ७० टक्क्यांवर गेल्यावर इशारा एका मिनिटाच्या आत पोचतो' असं लिहा (आकडा अर्थातच तुमच्या चाचणीतला) आणि खाली त्याचा आलेख. आता नजर पडद्याकडे गेली तरी वाचायला फारसं काही नाही. समजावून सांगावंच लागतं.

शीर्षकात काय जातं याला किती वजन असतं, त्याचं इंजिनीअरिंगमधलं सर्वांत दुःखद उदाहरण कोलंबिया यानाचं आहे. जानेवारी २००३ मध्ये उड्डाणाच्या वेळी इंधनटाकीवरच्या फोमचा तुकडा डाव्या पंखावर आदळला. यान वर असतानाच इंजिनीअरांनी नासाच्या अधिकाऱ्यांसमोर स्लाइड मांडल्या. एका स्लाइडचं शीर्षक चाचण्यांचे निष्कर्ष सुरक्षित बाजूला आहेत असा भास देणारं होतं. आणि सगळ्यात खाली, लहान अक्षरांत, खरी गोष्ट होती: आदळलेला तुकडा अंदाजे १,९२० घनइंचांचा, तर चाचण्या झाल्या होत्या ३ घनइंचांच्या तुकड्यांवर. म्हणजे ६४० पट फरक. १ फेब्रुवारी २००३ रोजी परतताना यान कोसळलं आणि कल्पना चावला यांच्यासह सातही अंतराळवीर गेले. कारण स्लाइड हे नव्हतं. पण त्याच वर्षी ऑगस्टमध्ये आलेल्या चौकशी मंडळाच्या अहवालानं त्या स्लाइडचा मुद्दाम समाचार घेतला. तुमच्या स्लाइडवर 'चाचणी प्रयोगशाळेतल्या खोक्यात केली, चाळीत नाही' हे वाक्य कुठे आहे ते तपासा. तळाशी असेल तर वर आणा.

आलेखाची अक्षरं हा नेहमीचा घोळ. मॅटलॅब किंवा एक्सेलमधून आलेख उचलला की अक्षांवरची अक्षरं १० पॉइंटच्या आसपास असतात आणि तिसऱ्या बाकावरून दिसत नाहीत. किमान १८ करा, बाकी मजकूर २४. पिवळी आणि पोपटी रेघ कॉलेजच्या जुन्या प्रोजेक्टरवर गायब होते. आलेख आल्यावर आधी आडवा अक्ष काय, मग उभा काय, मग कुठे बघायचं, या क्रमानं सांगा. तुम्ही तो महिनाभर पाहिला आहे, समोरचा पहिल्यांदा बघतोय.

प्रश्नोत्तरं: याचं रेकॉर्डिंग कोणीच करत नाही

'थँक यू' आलं की मित्र कॅमेरा बंद करतो. चूक तिथेच होते, कारण मार्क वरखाली होतात ते पुढच्या दहा मिनिटांत. गाइड किंवा सीनियरना पंधरा प्रश्न विचारायला लावा आणि ते रेकॉर्ड करा. मग दोनच गोष्टी लिहा: प्रश्न पूर्ण संपू दिला का, आणि उत्तराचा पहिला कामाचा शब्द किती सेकंदांनी आला. दोन सेकंद विचार करून गप्प राहणं अगदी चालतं. वीस सेकंद आजूबाजूचं बोलून मग उत्तर देणं चालत नाही.

क्रम असा ठेवा: आधी उत्तर, मग कारण, मग आकडा किंवा मर्यादा. समजा, इशारा पाठवायला तुम्ही लोरा हे दूरवर संदेश पाठवणारं रेडिओ मॉड्यूल वापरलं आहे. 'लोरा मॉड्यूल कोणत्या फ्रिक्वेन्सीवर?' याला 'सर, लोरा म्हणजे लाँग रेंज' इथून सुरुवात करू नका. '८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झ. भारतात हा पट्टा कमी शक्तीच्या वापराला परवान्याशिवाय खुला आहे.' संपलं. पुढचा प्रश्न त्यांना विचारू द्या.

'हाच घटक का?' याला दिली जाणारी दोन उत्तरं व्हिडिओत शोधा: 'गाइडनी सांगितलं' आणि 'हाच मिळाला'. पहिलं कधीच देऊ नका. दुसरं मात्र वाईट नाही, अर्धवट आहे. पुण्याच्या बुधवार पेठेत किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर, इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात काय मिळतं यावर प्रोजेक्ट ठरणं ही खरी इंजिनीअरिंगमधलीच अडचण आहे; फक्त त्याचा परिणाम काय झाला ते पुढे जोडा. 'तो मिळाला नाही, म्हणून हा घेतला. त्यामुळे अंतर कमी झालं, इतकं.' येत नसेल तर 'याची चाचणी आम्ही घेतलेली नाही. घ्यायची झाली तर अशी घेऊ' म्हणा. दोघांनी एकदम बोलायचं नाही. कोणत्या विषयाचं उत्तर कोण देणार ते आधी ठरवा.

सर्किट, कोड, खर्चाचा तक्ता अशा जादा स्लाइड 'थँक यू'च्या पुढे ठेवा आणि त्यांचे क्रमांक आकड्यांच्या कार्डावर लिहा. पॉवरपॉइंटमध्ये स्लाइड शो चालू असताना क्रमांक टाइप करून एंटर दाबलं की थेट ती स्लाइड येते. वीस स्लाइड मागे-पुढे सरकवत बसण्यातला तो अर्धा मिनिटाचा गोंधळ वाचतो. बी दाबलं की पडदा काळा होतो. मॉडेल हातात घेऊन दाखवताना उपयोगी.

भाषेचं काय, असाही प्रश्न मनात असेल. समजावणं मराठीत किंवा हिंदीत चालेल का हे गाइडना आधीच विचारून घ्या, बऱ्याच ठिकाणी चालतं. इंग्रजीतच करायचं असेल तर वाक्यं आठ-दहा शब्दांची ठेवा. उच्चारांवर तीन आठवडे घालवू नका. तुमच्या लिहून काढलेल्या दोन मिनिटांत बघा: एका वाक्यात तीन भाषा आल्या असतील तिथेच व्याकरण तुटलेलं दिसेल. वाक्य संपल्यावर भाषा बदला, मध्येच नको.

तीन आठवड्यांत बसवायचं कसं

पहिल्या आठवड्यात चारही फेऱ्या आणि कच्च्या जागांचा अभ्यास. मग यादीतले फक्त दोन दोष निवडा. सगळे एकदम हाती घेतले की बोलताना लक्ष स्वतःवर राहतं आणि मुद्दा निसटतो. दुसऱ्या आठवड्यात पूर्ण प्रेझेंटेशन रेकॉर्ड करू नका. दोष असलेली तीन मिनिटं तेवढी करा आणि तीच मोजणी पुन्हा लावा. 'प' २२ वरून १२ वर आले का? निकालाला पाऊण मिनिटाऐवजी अडीच मिळाली का? आकडा हलला नसेल तर उपाय चुकला आहे, मेहनत वाढवू नका, कारण पुन्हा शोधा.

तिसऱ्या आठवड्याच्या सुरुवातीला दुसऱ्या शाखेतल्या एखाद्याला बसवा, सिव्हिलचा असला तर उत्तम. 'कसं झालं?' असं विचारलंत तर 'भारी' एवढंच मिळेल. त्याऐवजी संपल्यावर तीन प्रश्न विचारा: आम्ही काय बनवलं, ते चालतं हे कशावरून आणि काय जमलेलं नाही? त्याची उत्तरंही रेकॉर्ड करा. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर त्याला देता आलं नाही तर निकालाची स्लाइड पुन्हा बांधा. विभागाचा मूल्यमापनाचा तक्ता त्यानं आणि तुम्ही वेगवेगळा भरा. जिथे दोन मार्कांहून जास्त फरक पडतो तेवढंच बोला.

शेवटचं रेकॉर्डिंग एक्सटर्नलच्या दोन दिवस आधी, शक्यतो त्याच खोलीत, त्याच प्रोजेक्टरवर, तुमचा लॅपटॉप आणि त्याला लागणारा व्हीजीए किंवा एचडीएमआयचा कन्व्हर्टर घेऊन. डेमो चालला नाही तर दाखवायचा व्हिडिओ लॅपटॉपमध्येच हवा, ड्राइव्हच्या लिंकवर नको. विभागातलं वाय-फाय त्या दिवशी सगळ्या ग्रुपमध्ये वाटलेलं असतं. या रेकॉर्डिंगमध्ये फक्त वेळा आणि पहिली वाक्यं तपासा, नवा दोष शोधू नका. आणि त्यानंतर मधली एकही स्लाइड घालू किंवा काढू नका, कारण कार्डावर लिहिलेले जादा स्लाइडचे सगळे क्रमांक सरकतात.